उतार विचारून बांधलेलं

मालेगावहून मेहकरकडे निघालं की वाटेत केनवड लागतं. तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. गाडीतून जाणाऱ्याला इथं थांबण्यासारखं काही दिसत नाही. फाट्यावर चहाची, पंक्चरची, कृषी केंद्राची दुकानं, पलीकडे एप्रिलमध्ये मोकळी पडलेली सोयाबीनची रानं आणि कडेला ठेवलेल्या तुराट्यांचे ढीग. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. उत्तरेकडचं पाणी पूर्णेला मिळून तापीकडे जातं, दक्षिणेकडचं पैनगंगेतून गोदावरीकडे. कुठं वीतभर, कुठं पुरुषभर काळी माती आणि तिच्याखाली सगळीकडे काळा पाषाण. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत एखाद्या रात्रीत असा पाऊस पडतो की सकाळी धुरे वाहून गेलेले असतात. अशा मुलखात घर बांधणाऱ्याला पहिल्यापासून दोनच प्रश्न पडत आले. ऊन कुठून येतं आणि पाणी कुठं जातं.

हे प्रश्न मला नव्यानं सुचले, कारण केनवडमधलं मामांचं जुनं घर पाडायचं ठरलं होतं. मी राहतो नवी मुंबईत. ‘निसर्गाशी एकरूप वास्तू’ असे शब्द तिथल्या प्रत्येक टॉवरच्या फलकावर वाचतो आणि त्याखाली हिरवळीचं चित्र असतं. घर पडण्याआधी एकदा नीट पाहावं, शक्य झालं तर त्याच्यासारखं विचार करून बांधलेलं आजूबाजूचं काही पाहावं, म्हणून मी गेलो.

मामांचं घर धाब्याचं. भिंती पांढऱ्या मातीच्या, तळाला हात-दीड हात दगड, आणि जाडी एवढी की खिडकीच्या कोनाड्यात लहानपणी आम्ही मांडी घालून बसायचो. वर सागाचे सरे, त्यांवर आडव्या लाकडी पट्ट्या, त्यांवर पालापाचोळा आणि सगळ्यात वर मातीचा थर. दरवर्षी रोहिणी निघायच्या आधी या थरावर खारी माती टाकायची. खारी चोपण असते, भिजली की मिटते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. धाब्याला पूर्वेकडे बोटभर, फार तर दोन बोटं उतार दिलेला, त्या टोकाला दगडी पन्हाळ. पन्हाळीचं पाणी अंगणात पडतं, अंगणातून दगडी नालीनं परसात जातं आणि परसात लिंबाचं नि शेवग्याचं झाड आहे. पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच नाही. त्या बाजूला कडुनिंब आहे आणि त्याच्या सावलीत गोठा. दुपारचं ऊन आधी निंबावर, मग गोठ्याच्या छपरावर आणि त्यातून उरलं तर भिंतीवर.

मी दुपारी दोनच्या सुमाराला आत शिरलो. बाहेर डांबर मऊ झालेलं. आतल्या खोलीत पंखा बंद होता आणि तो लावावा असं वाटलं नाही. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला थोडा वेळ लागला, मग धाब्यात ठेवलेल्या झरोक्यातून उजेडाचा एक तुकडा धान्याच्या कणगीवर पडलेला दिसला. भिंतीला पाठ टेकली. सकाळचा गारवा तिनं दुपारपर्यंत धरून ठेवला होता. जाड मातीच्या भिंतीला तापायला आख्खा दिवस लागतो आणि ती तापते तोवर सूर्य मावळतीला गेलेला असतो. रात्री ती ऊब सोडते, पण रात्री माणसं अंगणात नाहीतर धाब्यावर झोपलेली असतात. भिंतीचं आणि माणसाचं वेळापत्रक असं एकमेकांना धरून बसलेलं आहे.

मी हे सगळं उत्साहानं मामांना सांगत होतो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “तुले बरं वाटते बापा. तू उन्हाळ्यात दोन दिस येतं. पावसाळ्यात गयते तं आमच्या आंगावर.”

मामींनी त्यापेक्षा नेमकं सांगितलं. “सारवू सारवू हात गेले माये. खारी आता भेटते कुठी? आन् भेटली तरी धाब्यावर चढाले मानूस भेटत नाही. मातीच्या घराले पोरगी देत नाही कोनी.”

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं आणि अजूनही सोपं उत्तर नाही. मातीच्या घराचं कौतुक करणाऱ्या बहुतेक लेखांमध्ये मामी नसतात. वर्षानुवर्षं ते घर जिच्या हातांनी उभं राहिलं, तिला विचारलं तर ती स्लॅबच मागेल, आणि तिचं चुकत नाही. सागाचा सरा आता परवडत नाही. खारीच्या खाणी गावठाणाच्या विस्तारात बुजल्या. घरकुल योजनेत सपाट प्रदेशात मूळ अनुदान एक लाख वीस हजार रुपयांचं आहे, किमान पंचवीस चौरस मीटरचं घर बांधायचं असतं आणि ‘पक्कं’ म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढे विटा, सिमेंट आणि वर पत्रा नाहीतर स्लॅब एवढंच येतं. मामांच्या शेजारचं घरकुल मी पाहिलं. चार इंची विटांची भिंत, पश्चिमेला दार, वर पत्रा. त्या घरातली माणसं दुपारभर मामांच्या ओसरीवर बसली होती.

म्हणजे प्रश्न माती की सिमेंट असा नाहीच. जुन्या घरानं ज्या गोष्टी विचारल्या होत्या, त्या नव्या घरानं का विचारू नयेत, हा आहे. पश्चिमेला दार काढू नये, पन्हाळीचं पाणी झाडाला जावं, भिंतीला सावली असावी, यासाठी माती लागत नाही. सिमेंटच्या घरालाही हे फुकट करता येतं.

दुसऱ्या दिवशी मी लोणारला गेलो. केनवडहून मेहकर, पुढे सुलतानपूर आणि तिथून लोणार. जिल्हा बदलतो, बुलडाणा लागतो, पण जमीन तीच. लोणारचं विवर उल्कापातानं झालेलं, काळ्या पाषाणात, काठापासून काठापर्यंत जवळपास १.८ किलोमीटर रुंद. २०२० मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. या सरोवराबद्दल लिहिणारे त्याच्या खाऱ्या पाण्याबद्दल, उल्केबद्दल आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गुलाबी झालं त्याबद्दल लिहितात. मी तिथं बांधकाम पाहायला गेलो होतो, आणि मला वाटतं महाराष्ट्रात इमारतीनं भूगोलाशी कसं वागावं हे शिकायला यापेक्षा चांगली जागा थोडी आहे.

धारेपासून सुरुवात केली. विवराच्या काठावर, जिथं कडा तुटतो तिथंच, गोड्या पाण्याचा जिवंत झरा आहे. दगडी गोमुखातून पाणी कुंडात पडतं. ज्यानं कोणी हे बांधलं त्यानं झरा उचलून सोयीच्या जागी नेला नाही, तर झऱ्याच्या जागी इमारत नेली. कड्याच्या खाचेत कुंड, कुंडाभोवती पायऱ्या, बाजूला ओवऱ्या आणि देवळं, सगळं त्याच काळ्या दगडाचं. एका भिंतीवर मी हात फिरवत गेलो. कुठवर घडीव दगड आहे आणि कुठून मूळचा कडा सुरू होतो ते नजरेला कळलं नाही, बोटांना कळलं. सांधा अंगठ्याखाली आला तेव्हा. कुंडात लोक अंघोळ करत होते, बाया कडेला कपडे पिळत होत्या, एक म्हातारे गृहस्थ गोमुखाखाली डोकं धरून उभे होते. कुंडातून सुटलेलं पाणी उतारावरून खाली विवरात जातं. सरोवराचं पाणी खारट आणि तुरट क्षारांनी भरलेलं, पण हे गोडं पाणी जिथं पसरतं तिथं हिरवळ आहे. एका झऱ्यानं आधी देव न्हातो, मग माणूस, मग झाडं आणि उरलेलं सरोवराला. पाण्याची ही क्रमवारी इमारतीच्या रचनेतच घातलेली आहे. त्यासाठी कुठं पाटी लावावी लागलेली नाही.

खाली उतरणारी पायवाट जंगलातून जाते. साग, निंब, सीताफळं, बाभळी. मोर ऐकू येतात, क्वचित दिसतात. काठाकाठानं यादवकाळातली आणि त्याच्या आगेमागची देवळं आहेत. काही उभी, काही अर्धी, काहींचे नुसते चौथरे. कमळजा देवीचं देऊळ पाण्याच्या अगदी जवळ. नवरात्रात इथं यात्रा भरते. या देवळांना कोणीही ‘निसर्गात मिसळलेली’ म्हणेल, छायाचित्रात ती तशीच दिसतात. मला मात्र एका पडक्या मंडपापाशी थांबावं लागलं. छताच्या सांध्यातून वडाचं मूळ उतरलं होतं आणि त्यानं दोन शिळा एकमेकींपासून वीतभर दूर लोटल्या होत्या. झाडाला तसंच वाढू दिलं तर मंडप जातो. तोडलं तर विवराचं जे रूप आपण वाचवायला निघालो, त्यातलंच एक झाड जातं. अशा ठिकाणी मी मंडपाच्या बाजूचा आहे. दगड घडवणारा तो हात पुन्हा येणार नाही, वड दहा पावलांवर लावता येईल. इमारत आणि निसर्ग एकत्र नांदायचे तर कोणीतरी दरवर्षी लक्ष घालावं लागतं. मामींच्या सारवण्यासारखंच ते काम आहे, फक्त इथं पगारी माणूस नेमता येतो.

वर लोणार गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. विष्णूनं लवणासुराला मारलं त्या कथेचं. शिखर नाही, पण बाकीचं देऊळ पुष्कळसं शाबूत आहे. तळाची आखणी सरळ भिंतींची नाही, कोन बाहेर-आत, बाहेर-आत करत फिरते. शिल्पं पाहायला लोक गोल फिरतात. मी दुपारच्या उन्हात एका कोपऱ्याशी उभा राहून सावल्या पाहिल्या. बाहेर आलेला प्रत्येक कोन शेजारच्या खोबणीवर सावली टाकतो. ऊन सरकतं तशा सावल्या सरकतात. आख्खी भिंत एकाच वेळी कधीच उन्हात नसते. स्थपतीनं हे शास्त्र म्हणून केलं की शोभेसाठी, याचा निवाडा करायला मी बसलो नाही. भिंतीवर हात ठेवून पाहिला, सावलीतला दगड आणि उन्हातला दगड यांत मोठा फरक होता, एवढं खरं.

लिंबी बारवही याच गावात. बारव म्हणजे खाली बांधलेली इमारत. पाणी जसं उतरेल तसं माणूस पायरीपायरीनं त्याच्यामागे उतरतो, पोहऱ्याला दोर वाढवावा लागत नाही. काळ्या जमिनीत पाणी कुठल्या थराला लागतं हे गावाला एका नजरेत दिसतं. पाणी किती उरलं हे लपवता येत नाही, म्हणून उधळताही येत नाही. बोअरवेलनं आम्हाला पाणी दिलं, पण पाण्याची पातळी डोळ्यांआड केली.

अजिंठ्याची आठवण इथं अपरिहार्य आहे, आणि वाशीमकरांनी ती अभिमानानं काढावी. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. पाचव्या शतकात वत्सगुल्म शाखेचा हरिषेण राज्य करत होता आणि त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. तसा शिलालेख तिथंच आहे. वाघूर नदी घोड्याच्या नालासारखी वळते, त्या वळणाच्या कड्यात लेणी. सोळाव्या लेण्याकडे नदीपात्रातून वर येणारी वाट आहे, तिच्या दाराशी दोन दगडी हत्ती. भिक्षू पाण्यावरून वर येत, आजचे पर्यटक वाहनतळावरून येतात, म्हणून ती लेणी आपल्याला उलट्या दिशेनं दिसतात. नदीपासून चढून पाहिलं तर कळतं की कड्याला हात लावण्याआधी कोणीतरी नदी पाहिली होती. माझ्या केनवडच्याच जिल्ह्यात राजधानी असलेल्या राजवटीनं हे केलं. ही परंपरा आम्हाला दुसऱ्या देशातून आणायची नाही.

शहरात हे जमतं का, हा प्रश्न मला नवी मुंबईचा माणूस म्हणून सतत पडतो. एक उदाहरण माझ्या घरापासून जवळ आहे. बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी बांधलेली वसाहत, जिला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात घरांमागे एक छोटं अंगण, आठ मीटर बाय आठ मीटर. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. डोंगरावरून येणारा ओढा त्यांनी पाइपात घातला नाही, वस्तीच्या मधूनच वाहू दिला. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे ज्याला पैसे येतील तसं तो घर वाढवू शकतो. आता तिथली कित्येक मूळ घरं पाडून दुमजली-तिमजली झाली आहेत, आणि काही वास्तुरचनाकारांना त्याचं वाईट वाटतं. मला तितकं वाटत नाही. घरं बदलली, पण अंगणं आणि ओढा जागेवर आहेत. पाण्याची आणि मोकळ्या जागेची मांडणी पक्की केली तर वरची इमारत पिढीगणिक बदलली तरी चालते. मामांच्या घराबद्दलही मी हेच म्हणेन. धाबं जाऊ दे. पन्हाळ, परस आणि पश्चिमेचा निंब राहू दे.

लोणारनंतरचा टप्पा सेवाग्राम, गांधीजींची मातीची कुटी पाहायला. मालेगावजवळ समृद्धी महामार्गावर चढलो आणि वर्ध्याकडे निघालो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, त्यावर वन्यप्राण्यांसाठी काही ठिकाणी वरून आणि काही ठिकाणी खालून वाटा ठेवल्या आहेत. एका अशा पुलाखालून गाडी गेली. वर माती, मातीत झुडपं. रस्त्याच्या दोन बाजूंचं जंगल तुटलं होतं, ते इथं एका पट्टीनं जोडलं आहे. महामार्ग बांधणाऱ्यांना निदान काही ठिकाणी रोही आणि हरणांची वाट विचारावीशी वाटली, ही मला चांगली सुरुवात वाटते.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावात आले, जे पुढे सेवाग्राम झालं. त्यांनी जमनालाल बजाजांना घातलेली अट प्रसिद्ध आहे. झोपडीला पाचशे रुपयांहून अधिक खर्च नको, माल आणि मजूर गावातले. आज जिला बापू कुटी म्हणतात ती आधी त्यांच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचं छप्पर, चटया. मीराबेननी भिंतीवर मातीतूनच ताडाची झाडं आणि चरखा उठवला आहे. मी एका चौकटीपाशी बराच वेळ उभा होतो. कवेलूचं छप्पर भिंतीच्या पुढे पुष्कळ बाहेर आलेलं आहे. पावसाचा फटका भिंतीला लागत नाही, उन्हाळ्याचं उंच ऊन आत येत नाही, आणि हिवाळ्यात खाली आलेलं ऊन मात्र बरोबर आत शिरतं. आवारात गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे. विचारवंत इव्हान इलिच १९७८ मध्ये इथं आले होते, या झोपडीत बसले आणि मग तिच्यावर बोलले. वास्तुरचनाकार लॉरी बेकर गांधीजींना मुंबईत भेटले, घराचा माल पाच मैलांच्या आत मिळावा हे त्यांच्याकडून ऐकलं आणि मग आयुष्यभर, विशेषतः केरळात, तसं बांधत राहिले.

कुटी पाहताना मनात मामी होत्या. कुटी सारवायला आश्रमाची माणसं आहेत. केनवडला नाहीत. म्हणून मी वर्ध्याजवळच दत्तपूरला गेलो, ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात. देवेंद्रकुमार यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली ही संस्था. स्थानिक मालातून टिकाऊ आणि कमी देखभालीचं घर कसं करावं यावर तिथं काम झालं आहे, आणि मला तिथं जे पाहायचं होतं ते छप्पर होतं.

कुंभाराच्या चाकावर पेल्याच्या आकाराच्या नळ्या करतात. एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं. भाजल्यावर एकीचं निमुळतं तोंड दुसरीच्या रुंद तोंडात बसवत जायचं आणि साच्यावर कमान धरायची. अशा कमानी एकमेकींशेजारी लावल्या, वरून गिलावा केला की छप्पर झालं. सागाचा सरा नाही, सळईचं ओझं नाही. नळ्या पोकळ, त्यांत हवा कोंडलेली, म्हणून वरचं ऊन खाली उतरायला वेळ लागतो. मी एक नळी हातात घेतली. हलकी होती, आतून चाकाच्या बोटांच्या रेघा तशाच होत्या. कमानीखाली उभं राहिलं की वर त्या नळ्यांची रांगच रांग दिसते आणि दुपार असूनही डोक्यावर ताप जाणवत नाही. खारी टाकायची गरज नाही. सारवायची गरज नाही. मामींना दाखवावं असं हे पहिलं छप्पर मला दिसलं.

तिथल्या एका कारागिराला विचारलं, अडचण काय येते. तो म्हणाला, माती मिळते, भट्टी लावता येते, पण गवंड्याला कमान धरता आली पाहिजे. स्लॅब भरणारे सगळीकडे आहेत, कमान धरणारे थोडे, आणि शिकवल्याशिवाय ते वाढणार नाहीत.

रिसोड तालुक्यात कुंभारांची घरं अजून आहेत. उन्हाळ्यात माठ, पोळ्याला बैल आणि दिवाळीला पणत्या, यापलीकडे त्यांच्या चाकाला काम उरलेलं नाही. घरकुलाचं अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं आणि जोत्यापर्यंतच्या बांधकामाचा फोटो काढल्यावर पुढचा हप्ता सुटतो. त्या जोत्यावर पुढे छप्पर कसलं असावं यावर बोलायची जागा ग्रामसभा आहे. केनवडच्या पुढच्या ग्रामसभेत मामांनी एवढंच मागायचं ठरवलं आहे की तालुक्यातले दोन गवंडी आणि एक कुंभार दत्तपूरला शिकायला पाठवावेत आणि पहिलं छप्पर आमच्या घरावर धरावं. मामींची अट वेगळी आहे. छप्पर कसलंही करा, पश्चिमेचा निंब तोडायचा नाही आणि पन्हाळीचं पाणी शेवग्यालाच गेलं पाहिजे. नकाशात त्या दोन गोष्टी आधी काढून घेतल्या आहेत, खोल्या त्यानंतर.